एका हातानं नाणं बदलण्याआधीची तयारी

गणपतीत मंडळासमोर एकाच हातात रुपेरी नाण्याचं सोनेरी करून दाखवायचं ठरवलं असेल, तर सुरुवात चिल्लर गोळा करण्यापासून करा. ज्या व्हिडिओंवरून आपली पोरं हे शिकतात, त्यांतल्या जादूगारांच्या हातात बहुधा अमेरिकेचा अर्धा डॉलर असतो. त्याचा व्यास 30.6 मिलिमीटर आणि वजन 11.34 ग्रॅम. आपली नाणी त्याहून बरीच लहान आणि हलकी. त्यामुळे व्हिडिओत दिसते तशी पकड जशीच्या तशी घेतली की आपलं नाणं निसटतं. ते बोटांच्या मुळाशी, आणखी थोडं आत बसवावं लागतं.

या प्रयोगात नाणी दोन असतात, एक लोकांना दिसणारं रुपेरी आणि एक त्याच हातात लपवलेलं सोनेरी. ही जोडी निवडताना रंग वेगळा आणि आकार सारखा हवा. 2011 च्या मालिकेतलं सोनेरी पाच रुपयांचं नाणं 23 मिलिमीटरचं आहे आणि 2019 च्या मालिकेतलं, धान्याची नक्षी असलेलं दोन रुपयांचं नाणंही 23 मिलिमीटरचंच. या कामासाठी याहून चांगली जोडी आपल्या चलनात मला दिसत नाही. 2011 च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 25 मिलिमीटरचं आहे, ते घेऊ नका. पाचाच्या मागे ते गेलं की त्याची रुपेरी कड चहूबाजूंनी डोकावते. नवीन पाचाचं नाणंही 25 चं आहे, तेव्हा चिल्लर घेताना नाण्यावरचं साल वाचा. वीस रुपयांचं बाराकोनी नाणं या प्रयोगात नकोच, कारण रंगाआधी त्याचा आकारच नजरेत भरतो. नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या पानठेल्यावर शंभराची नोट मोडून मागितली तर दोनतीन जोड्या सहज जमतील. एक जोडी हरवणार हे धरूनच चाला.

पाचाचं नाणं काळवंडलं असेल तर चिंचेच्या कोळानं घासून स्वच्छ धुवा, मागच्या रांगेपर्यंत पिवळा रंग पोचला पाहिजे. दोनाचं मात्र थोडं मळकंच असू द्या, कारण लपवायचं तेच आहे आणि चकचकीत स्टील दिव्याखाली लगेच लकाकतं. नाण्याची कड कानसीनं घासायचा मोह टाळा. चलनी नाण्याची मोडतोड 2011 च्या नाणे कायद्यात बसत नाही, आणि घासलेल्या कडेला बोटाची पकडही राहत नाही.

आता हात. नखं कापा, अंगठ्याचं विशेष जपून. सरावाच्या अर्धा तास आधी साबणानं हात धुवा आणि क्रीम लावू नका. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की तळहात घामेजतो आणि नाणं चिकटून हवं तेव्हा सुटत नाही. डिसेंबरात उलट, कातडी कोरडी पडते आणि नाणं घसरतं, तेव्हा बोटांच्या मुळाशी ग्लिसरीनचा एखादा थेंब चोळला तर चालतो. टाल्कम पावडर दोन्ही ऋतूंत नको. मंडळाचा कार्यक्रम भर पावसाळ्यात असतो, म्हणून उन्हाळ्यात बसलेला हात श्रावणात पुन्हा तपासून घ्या.

हातचलाखी नेमकी कुठे होते ते आधी समजून घेतलेलं बरं. दोनाचं नाणं अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांत, लोकांना दिसेल असं धरलेलं. पाचाचं मधल्या बोटाच्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, बोटं किंचित मुडपून अडकवलेलं. याला फिंगर पाम म्हणतात. अंगठा दोनाचं नाणं मागे ओढून आपल्याच बेचक्यात बसवतो, तिथून वाकून पाचाच्या नाण्याला टेकतो आणि ते सरकवत टोकाशी आणतो. म्हणजे अंगठ्याला दोन कामं आहेत, आणि नवशिक्याच्या हातून ती एकात एक मिसळतात. पहिले काही दिवस फक्त पहिलं काम करा, नाणं बेचक्यात ठेवून थांबा. पुढचे काही दिवस बेचक्यात नाणं असताना अंगठ्याचं टोक मोकळं वाकतं का एवढंच पाहा. बेचक्यातल्या नाण्यामुळे अंगठा ताठ राहत असेल तर ते फार आत गेलंय. दोन्ही कामं सुटी सुटी जमल्यावरच ती जोडा.

जादूगार डाय व्हर्नन (1894–1992) यांच्या नावानं ओळखला जाणारा ‘स्पेलबाउंड’ हा नाणं बदलण्याचा प्रयोग बहुतेक जण दोन हातांनी करतात, दुसरा हात नाण्यावरून फिरतो आणि बदल त्या हाताच्या आडोशाला होतो. एका हातात तो आडोसा नाही. म्हणून अख्खा हात छातीपासून बाजूला नेताना, त्या मोठ्या हालचालीच्या पोटात अंगठ्याची छोटी हालचाल उरकावी लागते. हात बाजूला न्यायला कारणही हवं. कोपऱ्यातल्या एखाद्या मुलाला ‘तुला दिसतंय ना रे?’ असं विचारा आणि खरंच त्याच्याकडे बघा. तुमची नजर जाईल तिकडेच लोकांची जाते. हे वाक्य सरावातही मोठ्यानं म्हणा. मुकाट्यानं केलेला सराव बोलायची वेळ आली की कोलमडतो.

सराव पलंगाच्या कडेशी उभं राहून करा, खाली दुलई पसरून. नाणं पडलं तर आवाज नाही, वाकून फरशीवर शोधाशोध नाही. आणि कूलर बंद करा. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर दिवसभर घरघरत असतो, त्या घरघरीत स्टील पितळेवर घासल्याचा ‘किण्ण’ ऐकूच येत नाही, आणि माणूस समजतो की हात बसला. पहाटे, घर निजलेलं असताना, खिडकी लावून पंधरा मिनिटं करून बघा. आवाज आला म्हणजे दोन्ही नाणी एका क्षणी एकमेकांना टेकताहेत. पाचाचं नाणं बोटभर खाली बसवलं की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

आरशाची मदत थोडीच घ्या. आरशासमोर स्वतःलाच बघताना नेमक्या बदलाच्या क्षणी डोळे मिटतात आणि चूक दिसायची राहते. मोबाइलवर चित्रण करा, तेही तीन जागांहून. एकदा समोरून. एकदा मोबाइल जमिनीवर ठेवून, कारण मांडवात पोरं सतरंजीवर अगदी पुढे बसतात आणि बोटांच्या मुळाशी लपवलेलं नाणं खालूनच दिसतं. आणि एकदा कपाटावर ठेवून. महालातल्या किंवा इतवारीतल्या गल्लीत मांडव असेल तर आजूबाजूच्या गॅलऱ्यांत बायामाणसं उभी असतात, आणि अंगठ्याच्या बेचक्यातलं नाणं वरून उघडं पडतं. दोन्ही बाजूंना प्रेक्षक असतील तर हात छातीच्या उंचीवर ठेवून मनगट किंचित पुढे झुकवा. तरीही चित्रणात कड दिसत असेल तर त्या मांडवात हा प्रयोग करूच नका, दुसरा करा. पाहणाऱ्यांबद्दल एवढा आदर हवाच.

या सगळ्याहून जास्त वेळ मागणारी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नाणं लपलेला हात मोकळ्या हातासारखा दिसणं. बदल अर्ध्या सेकंदाचा आहे, पण त्याच्या आधी आणि नंतर मिनिटभर तो हात लोकांच्या नजरेसमोर असतो. फिंगर पाममध्ये नाणं ठेवून दिवसभर वावरा. गोकुळपेठच्या बाजारात भाजी निवडा, तर्री पोह्यांची प्लेट धरा, फोन कानाला लावा, दार उघडा. फक्त गाडी चालवताना नको. सुरुवातीला बाकीची बोटं लाकडासारखी ताठ होतात. हातात नाणं आहे याचा तुम्हालाच विसर पडू लागला की हात तयार झाला असं समजा.

कार्यक्रमाच्या दिवशी झब्ब्याच्या उजव्या खिशात रुमाल घडी घालून ठेवा. खिशात दुसरी चिल्लर, किल्ल्या काही नकोत. चुंबकाच्या बटणाचं पाकीट किंवा मोबाइलचं कव्हरही दूर ठेवा, कारण दोनाचं स्टीलचं नाणं त्याला चिकटून बसतं. तुमच्या डाव्या खांद्यावर दिवा येईल असं उभं राहा. प्रेक्षकांकडून नाणं मागून घेणार असाल तर हातात येताच ते कोणत्या मालिकेचं आहे ते बघा. मोठं आलं तर ते दाखवून, आभार मानून परत करा आणि स्वतःचं वापरा.

शेवटी त्या लपलेल्या दोन रुपयांची सोय ठरवून ठेवा. सोनेरी नाणं दिसल्याबरोबर लोक हात तपासायला पुढे होतात, आणि जुनं नाणं अजून बेचक्यातच असतं. पाचाचं नाणं लगेच सर्वांत जवळच्या मुलाच्या हातात द्या. सगळे त्या नाण्याकडे वळतील, तेवढ्यात कपाळ पुसायला रुमाल काढा आणि दोन रुपये खिशातल्या घडीत सोडा.