कुत्र्यासाठी घरची बिस्किटं: नाचणी, भोपळा आणि शंकरपाळ्याचं कातणं

आपल्याकडे कुत्रा दिसला की हात आपोआप ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्याकडे जातो. घरचा असो वा गल्लीतला, त्याला ते आवडतं, शेपूट हलते, आणि आपल्यालाही बरं वाटतं. पण त्या बिस्किटात मैदा आणि साखर सोडून फारसं काही नसतं. कुत्र्याला खाऊची ओढ लागते ती मुख्यतः वासाने. भाजलेल्या दाण्याचा आणि खरपूस पिठाचा वास त्याला पुरेसा असतो. गूळ, साखर, मीठ यांतलं काहीही घालायची गरज नाही. आपल्या जिभेला हा खाऊ अगदी सपक लागेल, आणि तो तसाच लागायला हवा.

साहित्य घरातलंच आहे. 125 ग्रॅम नाचणीचं पीठ, 125 ग्रॅम कणीक, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा 100 ग्रॅम, एक अंडं आणि 20 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट. नुसत्या नाचणीची बिस्किटं करायला जाऊ नका. तिच्यात ग्लुटेन नसल्याने पोळी लाटतानाच कडेने फाटते, कणीक तिला धरून ठेवते. गहू सोसत नसलेला कुत्रा असेल तर कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घ्या आणि लाटण्याच्या भानगडीत न पडता लहान गोळ्या करून तळहाताने चपट्या करा. अंडं नको असेल तर दोन-तीन चमचे भोपळा जास्त घाला. बिस्किटं थोडी ठिसूळ होतील, एवढंच.

दाण्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. सुरकुतलेले, काळपट, खवट वासाचे दाणे आपण निवडून टाकतो. इथे ते दुप्पट काळजीने टाकायचे. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि कुत्र्याच्या यकृताला ते फार लवकर बाधतं. चांगले दाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, बारीक कूट करा. खारे दाणे चालणार नाहीत. बाजारचं पीनट बटर वापरणार असाल तर डब्यावरची घटकांची यादी आधी वाचा. त्यात झायलिटॉल हा गोडवा असेल तर तो डबा कुत्र्याच्या आसपासही नको. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही गोळ्यांतही हा पदार्थ असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं.

भोपळा शिजवताना पाण्यात टाकू नका. साल काढून मोठ्या फोडी चाळणीवर वाफवा, थंड झाल्यावर कुस्करा आणि पाणी सुटलंच तर स्वच्छ फडक्यातून दाबून काढा. पुढची सगळी बिस्किटं कुरकुरीत होणार की चिवट, हे बरंचसं इथेच ठरतं.

भोपळ्यात अंडं फोडून, कूट घालून कालवा आणि मग दोन्ही पिठं मिसळा. पाणी अजिबात नाही. सुरुवातीला पीठ कोरडं वाटेल, तरी मळत राहा. पुरीच्या कणकेइतका घट्ट गोळा झाला पाहिजे. हाताला चिकटला तर चमचाभर कणीक, भुगा होत राहिला तर चमचाभर भोपळा. वीस मिनिटं झाकून ठेवा. नाचणी तेवढ्यात ओल शोषून घेते आणि गोळा लाटण्याजोगा होतो.

आता पोळपाटावर अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटा आणि दिवाळीला काढतो ते शंकरपाळ्याचं कातणं फिरवा. साच्यांची, हाडकाच्या आकारांची काहीच गरज नाही. अडीच सेंटिमीटरच्या चौकटी पाडल्या तर शंभर-सव्वाशे तुकडे निघतात. कुत्रा छोटा असेल, किंवा ‘बस’, ‘थांब’ शिकवताना बक्षीस म्हणून द्यायचे असतील, तर याच्याही निम्मे करा. बक्षीस मिळालं एवढंच त्याला कळतं, तुकडा केवढा होता याचा हिशेब तो ठेवत नाही. प्रत्येक तुकड्याला काट्याने दोन टोचे मारा, म्हणजे ते फुगत नाहीत आणि आतली वाफ निघून जाते.

ओव्हन 160 अंशांवर दहा मिनिटं तापवून तुकडे 25 मिनिटं भाजा. उलटा, तापमान 120 वर आणा आणि आणखी अर्धा-पाऊण तास राहू द्या. मग ओव्हन बंद करून ट्रे आतच थंड होऊ द्या. नाचणीचा रंग मुळातच गडद, त्यामुळे रंगावरून अंदाज येत नाही. पूर्ण गार झाल्यावर एक तुकडा मोडून बघा. कट्टकन मोडला तर झाला. वाकून मोडला तर आत ओल आहे, परत 120 वर ठेवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर रिंग, वर झाकण, अशी नानकटाईची जुनी पद्धत उत्तम चालते. दहा मिनिटं कढई तापवून तूप पुसलेल्या ताटलीत तुकडे ठेवा आणि मंद आचेवर अर्धा तास भाजा. झाकणाखाली वाफ कोंडते, म्हणून शेवटी तुकडे कोरड्या तव्यावर अगदी बारीक आचेवर उलटसुलट करत सुकवून घ्या.

काय घालायचं नाही, ही यादी पाठच असलेली बरी. कांदा आणि लसूण कुठल्याही रूपात नको, बाजारच्या सूप-क्यूबमधूनही नको. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. चॉकलेट, कॉफी, जायफळ नको. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर एकही नको. द्राक्षांतलं टार्टारिक आम्ल कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतं असं आता पशुवैद्यक मानतात, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. यीस्टचं कच्चं पीठही त्याच्या तोंडी लागू देऊ नका, ते पोटात फुगतं. मांसाहारी चव हवी असेल तर थोड्या भोपळ्याऐवजी बिनमिठाचं, हाडं पूर्ण काढलेलं उकडलेलं चिकन वाटून घाला. मिठातली सुकी मासळी नको.

किती द्यायचं? दिवसभरातल्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. दहा किलोच्या साधारण कुत्र्याला दिवसाला 600 च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला 60. वरच्या मापाच्या एका तुकड्यात अंदाजे 9 कॅलरी येतात, तेव्हा सहा तुकडे पुष्कळ झाले, आणि तेवढं जेवण कमी करायचं. पहिल्या दिवशी एकच तुकडा द्या. दोन दिवसांत खाज, उलटी, जुलाब काही झालं नाही तर पुढे चालू ठेवा. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नाही. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरलीत तर झाकणाला घाम धरतो आणि बुरशी येते. कोरड्या हवेत घट्ट डब्यात आठ-दहा दिवस राहतात. कोकणात, मुंबईत, आणि पावसाळ्यात कुठेही, बाहेर ठेवूच नका. पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, दोन महिने सहज जातात. एका तुकड्यावर जरी बुरशीचा ठिपका दिसला तरी अख्खा डबा फेका, गल्लीतल्या कुत्र्यांनाही घालू नका. दात पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी दुसरं भाजणं गाळून मऊसर बिस्किटं करा, ती फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवा. किंवा कडक बिस्किटं द्यायच्या आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवा.