मुंबई–लंडन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

तिकिटावर छापलेलं असतं: मुंबईहून दुपारी १ वाजता प्रस्थान, लंडनला संध्याकाळी ५.३० वाजता आगमन. म्हणजे साडेचार तासांत लंडन? नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या आहेत, म्हणून आधी घड्याळ जुळवून घ्या.

लंडन हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे सरकतात, ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तशीच राहतात. त्या काळात फरक साडेचार तासांचा. वरचं तिकीट जानेवारीचं असेल तर ५.३० मध्ये साडेपाच तास मिळवा. भारतात रात्रीचे ११ वाजलेले असतील. प्रवास १० तासांचा. तेच तिकीट जूनचं असेल तर ९ तासांचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आता अंतर. मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडा आणि तो ‘डिग्री’वर आहे ना, ते बघा, ‘रेडियन’वर राहिला तर उत्तर भलतंच येतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक रेखांश पूर्वेचा, दुसरा पश्चिमेचा, म्हणून वजाबाकी नको, बेरीज करा: ७३.३२.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५६ येतो. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि ७३.३२ चा कोसाइन, या तिघांचा गुणाकार ०.१६९. बेरीज ०.४२५. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹) काढला की साधारण ६४.८५ अंश मिळतात. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले तर अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर. नॉटिकल मैल (विमानं आणि जहाजं वापरतात ते) हवे असतील तर १.८५२ ने भागा, साध्या मैलांसाठी १.६०९ ने. या दोन मैलांची गल्लत झाली तर पाचशेहून जास्त मैलांचा फरक पडतो.

आकडेमोड नको असेल तर पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो इराणवरून, जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या जवळून, काळ्या समुद्रावरून आणि युक्रेनवरून जातो. सपाट नकाशावर पट्टीने आखलेली रेघ मात्र याच्या बरीच दक्षिणेला पडते आणि ती जास्त लांबीची असते.

प्रत्यक्षात विमान या दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांची वाट अडवली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणून एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वेळांमध्ये तफावत दिसली तर नवल नाही. वळशासाठी ७ टक्के धरा: सुमारे ७,७०० किलोमीटर.

मोठं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, पण वरचे वारे बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ६० वजा करा, येताना ६० मिळवा. ७,७०० भागिले ८४० म्हणजे ९ तास १० मिनिटं. परतीला ९६० ने भागलं तर ८ तास. टॅक्सिंग (विमानाचं विमानतळावर जमिनीवरून चालणं), चढण आणि उतरण यांसाठी जाताना आणि येताना प्रत्येकी अर्धा तास मिळवा. हिवाळ्यात वारे जोर धरतात, तेव्हा ६० ऐवजी ८०–९० धरायला हरकत नाही.

दुबई किंवा दोहामार्गे जाणार असाल तर दोन्ही उड्डाणांचा हिशोब वेगवेगळा करा.