मिरजेचा तानपुरा म्युनिकच्या कस्टममध्ये

तानपुरा मिरजेहून नीट आला आणि इथे कस्टममध्ये अडकला. चूक माझीच. ‘गिफ्ट लिहा, किंमत कमी दाखवा’ असं मीच तानपुरा बनवणाऱ्या तंतकार काकांना सांगितलं होतं. माणसाच्या उंचीचं खोकं, त्यावर किंमत 20 युरो. कोण विश्वास ठेवणार!

मग काकांकडून खरं बिल मागवलं. लाकूड तूण, हस्तिदंत कुठेही नाही, हेही लिहून घेतलं. सोबत बँकेतून पैसे भरल्याची प्रिंट. 19 टक्के आयात कर भरला आणि खोकं ताब्यात मिळालं.

घरी उघडलं तर भोपळा शाबूत. काकांनी तारा सैल करून घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून वेगळी गुंडाळली होती; तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, तिच्या जागी पेन्सिलची खूण. घोडी खुणेवर बसवली, तारा हळूहळू चढवल्या. पण आवाज मुका! जवारीचे दोरेच नव्हते, म्हणजे घोडीवर तारेखाली घालतात ते, तारेला झणकार देणारे दोरे. रिळातला सुती दोरा चारही तारांखाली घातला आणि केसभर मागेपुढे सरकवत बसलो. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या तारेने सगळ्यात जास्त छळलं. रात्री अकराला ती एकदाची झणकारली, आणि शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.