वॅं जोन: ज्युराची पिवळी वाईन कशी उघडायची आणि कशाबरोबर घ्यायची

पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या ज्युरा भागात साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षापासून वॅं जोन बनते. पहिल्या घोटाला ती अनेकांना बिघडल्यासारखी वाटते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: बाटली फ्रीजमधून काढली आणि लगेच ओतली.

ही वाईन कापणीनंतर सहाव्या वर्षीच्या १५ डिसेंबरपर्यंत पिपातच राहते. एरवी वाईन उडून पीप रिकामं होऊ लागलं की वरून भर घालतात. इथे ती घालत नाहीत. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ थर धरतो, दुधावर साय धरते तसा. या थरामुळे वाईनचा व्हिनेगर होत नाही आणि तिला अक्रोड, सुकं मशरूम, करीमसाला असा वास येतो. या वासामागे सोटोलॉन नावाचं रसायन आहे. आपल्या मेथीदाण्याच्या वासामागेही तेच आहे, म्हणून मराठी नाकाला ही वाईन फार परकी वाटू नये.

विकत घेताना बाटलीचा आकार पाहा. वॅं जोन ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या, रुंद खांद्यांच्या ‘क्लाव्लँ’ बाटलीतच येते. लेबलवर आर्ब्वा, कोत द्यु ज्युरा, लेत्वाल किंवा शातो-शालों यांपैकी एक नाव असतं. शातो-शालों या नावाने फक्त वॅं जोनच निघते, आणि तिथले उत्पादक इतके काटेकोर की १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांची वाईन त्यांनी या नावाने काढलीच नाही. बजेट कमी असेल तर याच यीस्टच्या थराखाली कमी वर्षं मुरलेली साव्हान्यँ घ्या. मात्र लेबलवर ‘उइये’ लिहिलं असेल तर त्या पिपात भर घातलेली असते. अक्रोडाचा वास तिच्यात शोधू नका.

जेवणाआधी चार-पाच तास बूच काढा, अर्धा पेला ओतून बाटलीत हवेला जागा करा आणि थंड जागी उभी ठेवा. पिताना तापमान १४ ते १६ अंश हवं. रात्रभर फ्रीजमध्ये असलेली बाटली मुंबईच्या उन्हाळ्यात पाऊण तास आधी बाहेर काढा. फार गार असली तर नुसता आंबटपणा जाणवतो, फार कोमट झाली तर अल्कोहोल नाकात जातं. एका वेळी ६० ते ८० मिली पुरे.

सगळ्यात सोपी आणि आमच्या मते सगळ्यात चांगली जोडी म्हणजे त्याच डोंगरातलं कोंते चीज: १८ महिने किंवा त्याहून जुनं, तासभर आधी बाहेर काढलेलं, सोबत अक्रोड आणि साधा पाव. चीजच्या स्निग्धपणामुळे वाईनची आम्लता मवाळ लागते.

मुख्य जेवणात कोंबडी आणि मोरेल, म्हणजे आपल्याकडे हिमालयातून येणारी गुच्छी मशरूम. चौघांसाठी ३० ग्रॅम सुकी गुच्छी ३०० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. ती पिळून काढा, नीट धुवा, उभी चिरा. आत रेती असतेच. पाणी मलमलीतून गाळून ठेवा. दीड किलो कोंबडीचे कातडीसकट आठ तुकडे ४० ग्रॅम लोण्यात फिकट सोनेरी करा. जास्त तांबूस केले तर रस्सा काळपट आणि कडवट होतो. तुकडे काढून त्याच भांड्यात दोन छोटे कांदे परता, चमचाभर मैदा घाला, मग १५० मिली साधी साव्हान्यँ ओतून तीन-चार मिनिटं उकळा. कोंबडी, गुच्छी आणि गाळलेलं १५० मिली पाणी घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर २५ मिनिटं शिजवा. छातीचे तुकडे १५ मिनिटांनी बाहेर काढा, नाहीतर कोरडे पडतात. गुच्छी मात्र पूर्ण वेळ शिजू द्या; कच्ची राहिली तर पोट बिघडतं.

आता ३०० मिली क्रीम घालून झाकणाशिवाय आठ-दहा मिनिटं आटवा. क्रीम ३० टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचं घ्या. आपल्याकडे डब्यात मिळणारं २५ टक्क्यांचं क्रीम वाईनच्या आम्लतेने लवकर फाटतं; तेच वापरायचं असेल तर शेवटी घाला आणि उकळी येऊ देऊ नका. छातीचे तुकडे परत सोडा, आच बंद करा आणि ५० मिली खरी वॅं जोन आत्ता घाला. आधी घातली तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि महागडी वाईन फुकट जाते. सोबत साधा भात.

नारळाच्या दुधातली, हळद-मेथीची सौम्य कोंबडी किंवा कोळंबीही हिच्याशी छान जुळते. मिरचीचा जाळ, टोमॅटोचा आंबट रस्सा आणि गोड पदार्थ टाळा. तिखटात अल्कोहोल झोंबतं, गोडासमोर ही वाईन रुक्ष लागते.

उरलेल्या बाटलीला बूच लावून ती फ्रीजमध्ये उभी ठेवा. इतर वाइन दोन-तीन दिवसांत उतरतात. ही दोन-तीन आठवडे सहज टिकते, कारण हवेची सवय तिला पिपातच लागलेली असते.