कायोटीला हाक घालणं, आणि बार काढण्याआधी अंतर पक्कं करणं

रायफल साफ आहे, २०० यार्डांवर झीरो केलेली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली) आहे, अंगावर सेजब्रशच्या झुडपांत मिसळतील असे कपडे आहेत आणि ज्याच्या जमिनीवर जायचं त्या रँचमालकाशी बोलणं झालेलं आहे, एवढं मी गृहीत धरतो. गेली चौदा वर्षं दर हिवाळ्यात मी अमेरिकेतल्या दक्षिण वायोमिंगमध्ये कायोटीच्या मागे फिरतोय. नव्या माणसाला मिळणारे सल्ले ऐकले की मला राग येतो, कारण सगळा वेळ कोणता कॉल (कायोटीला बोलावणारा आवाज काढायचं साधन) घ्यावा यातच जातो. हाक घालणं एका हिवाळ्यात जमतं. कायोटी येतोच. आलेला कायोटी किती लांब उभा आहे, हे न कळल्यामुळे माणसं चुकतात. गोळी नुसती मातीत गेली तर ठीक. पायात किंवा पोटात लागली तर एक जीव तासन् तास तडफडतो.

आधी कायद्याचं. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड भाऊबंद. इथले रँचवाले त्याला नुसतं ‘कायोट’ म्हणतात. भारतात कोल्ह्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, त्यामुळे या लेखातलं काहीही तिकडे वापरायचं नाही. वायोमिंगमध्ये कायोटी कायद्याने ‘उपद्रवी भक्षक’ गटात मोडतो, त्याला बंदीचा हंगाम नाही आणि परवानाही लागत नाही. मात्र आपली बरीच मंडळी एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात. अशा व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मुळात मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे कायोटीसाठी परवाना लागत नसला, तरी तुम्हाला बंदूक हातात घ्यायला तो लागतो. मित्राची रायफल ‘जरा धरून बघतो’ म्हणण्याआधीसुद्धा हे वकिलाकडून समजून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

जागेचंही तसंच. इथे रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना एक चौरस मैल सरकारी, शेजारचा एक चौरस मैल खासगी, असा बुद्धिबळाच्या पटासारखा पसारा आहे आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये कुंपणही नसतं. फोनवर मालकीचा नकाशा ठेवा.

बसण्याची जागा. गाडी उताराआड लावा, दार आपटू नका, अर्धा मैल चाला. वारा एका कुशीवर घ्या. कायोटी हाकेकडे सरळ येत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला (वारा जिकडे वाहतो तिकडे) जातो आणि वास घेतो. म्हणून ती खालची बाजू तुमच्या नजरेसमोर मोकळी हवी. इलेक्ट्रॉनिक कॉल असेल तर तो चाळीस-पन्नास यार्डांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे कायोटीचं लक्ष तुमच्याकडे राहत नाही. पाठीमागे झुडूप असू द्या, समोर नको. ऊन पाठीवर घ्या.

हाक. सशाचं किंकाळणं पुरे. तोंडाने वाजवायचा साधा कॉल शिका, तो बॅटरीवर चालत नाही. पहिला मिनिटभर हळू वाजवा, कारण कायोटी कधीकधी दोनशे पावलांवरच झोपलेला असतो आणि मोठ्या आवाजाने बिथरतो. मग आवाज वाढवा. मध्ये गप्प बसा. वीस मिनिटं थांबा, मग उठा. त्याच जागी दोन आठवडे परत जाऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं भोळी असतात आणि धावत येतात. जानेवारी-फेब्रुवारीत माजाचा काळ, तेव्हा ससा सोडून एकट्या कायोटीची कोल्हेकुई घाला. एप्रिल-मेमध्ये बिळात पिल्लं असतात. मेंढपाळांना कोकरांसाठी त्या दिवसांत कायोटी मारावे लागतात, त्यांचं दुःख मी पाहिलंय. पण ज्याच्या मेंढ्या नाहीत त्याने त्या महिन्यांत रायफल कपाटात ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

एक खबरदारी. सशाची किंकाळी ऐकून मेंढ्यांचे राखणदार कुत्रेही येतात, पांढरे आणि मोठे. प्राणी ओळखल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये.

आता अंतर. इथे मी पहिले दोन हिवाळे वाया घालवले.

माझ्या गोळ्या कायोटीच्या पाठीवरून जायच्या. त्याच्या मागे बर्फ उडायचा आणि तो पसार व्हायचा. कोणी म्हणालं ट्रिगर झटकतोस, कोणी म्हणालं स्कोप (रायफलीवरची दुर्बीण) हलला असेल. कागदी निशाण्यावर मात्र रायफल चोख होती. कारण सापडलं ते पहिल्यांदा एक कायोटी हातात उचलला तेव्हा. लांबून तो अल्सेशियन कुत्र्याएवढा वाटतो. उचलला तर जेमतेम बारा किलो, आणि हिवाळ्यातली निम्मी जाडी केसांची. आपला मेंदू मोठा कुत्रा डोळ्यांसमोर धरून अंतर काढतो. एवढा कुत्रा इतका लहान दिसतोय, म्हणजे साडेतीनशे यार्ड तरी असेल, असा हिशेब आपोआप होतो. खरं अंतर सव्वादोनशे असतं. मग आपण नेम वर धरतो आणि गोळी पाठीवरून जाते. म्हणून ‘लांब वाटला तर पाठीच्या वर धर’ हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. तो देणाऱ्याने अंतर मोजलेलं नसतं.

उलटी चूक त्याहून वाईट. एका सकाळी ताजा बर्फ पडला होता, ऊन माझ्या पाठीवर होतं, आणि कायोटी घळीच्या पलीकडच्या काठावर थांबला. मला वाटलं अडीचशे. मधोमध नेम धरून बार काढला. नंतर मोजलं तर तीनशे चाळीस भरले. गोळी पुढच्या पायाला लागली. रक्ताचा माग मी अंधार पडेपर्यंत काढला आणि कायोटी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. त्या रात्री मी झोपलो नाही.

त्या जागेवर तीन गोष्टींनी मिळून मला फसवलं. मधली जमीन घळीत लपली की पलीकडची वस्तू जवळ भासते. बर्फासारख्या एकसारख्या पृष्ठभागावरही तसंच. ऊन पाठीमागून समोरच्या वस्तूवर पडलं की तेच. याउलट संध्याकाळच्या मंद उजेडात, ऊन डोळ्यांवर असताना किंवा चढाकडे बघताना वस्तू लांब भासते. अमेरिकन सैन्यात अंतर अजमावायला शिकवतात तेव्हा हेच शिकवतात. अमेरिकन फुटबॉलची शंभर-शंभर यार्डांची मैदानं मनात एकापुढे एक मांडायची, हा इथला लाडका उपाय दोनशेपर्यंत ठीक आहे. त्यापुढे, आणि मध्ये घळ असली तर, तो कुचकामी आहे. सेजब्रशवरूनही अंदाज काढू नका. एक झुडूप गुडघ्याएवढं, त्याच्या शेजारचं छातीएवढं असतं.

मी आता असं करतो. जागेवर बसलो की हाक घालण्याआधी तीन मिनिटं फक्त लेझर रेंजफाइंडरला (अंतर मोजायच्या यंत्राला) देतो. बसूनच मोजायचं, कारण बार बसून काढायचा असतो आणि उभ्याने दिसणारी रेषा वेगळी असते. प्रत्येक दिशेला दोन खुणा पक्क्या करतो, एक २२५ यार्डांच्या आसपास, दुसरी ३०० च्या. कुंपणाचा खांब, घळीची उभी माती, एकटं जुनिपरचं झाड, मोठा दगड. अशी डोळ्यांसमोर दोन कडी (माझ्याभोवतीची दोन वर्तुळं) तयार होतात आणि मी ती छोट्या कार्डावर पेन्सिलीने काढून मांडीवर ठेवतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूला जास्त खुणा घेतो, कारण तो तिथेच येणार.

मोजताना एका गोष्टीने मला पुष्कळ दिवस चकवलं. सपाट जमिनीवर बसून लेझर मारला की किरण जमिनीला घासत जातो आणि मधल्याच एखाद्या झुडपावरून परततो. आकडा १८० येतो, खांब असतो २६० वर. म्हणून एका खुणेवर तीनदा मोजा आणि आकडे जुळले तरच लिहा. तुमच्या यंत्रात सर्वांत लांबच्या वस्तूचा आकडा घेण्याची सोय असेल तर झुडपांत तीच चालू ठेवा. खोक्यावर छापलेला हजार-बाराशे यार्डांचा आकडा चकचकीत पाटीसाठी असतो. कायोटीचे केस लेझर फार परतवत नाहीत, आणि भर उन्हात बर्फावर ते आणखी कमी होतं. मुख्य म्हणजे कायोटी समोर आल्यावर रेंजफाइंडर उचलायला गेलात तर ती हालचाल त्याला दिसते. तो दिसण्याआधी ते काम संपलेलं हवं.

कड्यांचा उपयोग कसा, ते सांगतो. माझी रायफल .२२-२५० काडतुसाची, ५५ ग्रेन वजनाची गोळी. २०० वर झीरो असली की २२५ च्या आत नेम छातीच्या मधोमध धरायचा, दुसरा विचारच करायचा नाही. तीनशेवर गोळी पाच-सहा इंच पडते, म्हणून दोन कड्यांच्या मध्ये पाठीच्या रेषेच्या बोटभर खाली धरायचं. तीनशेपलीकडे मी बार काढत नाही. चारशेवर तीच गोळी पंधरा-सतरा इंच पडते. कायोटीच्या हृदय-फुप्फुसांचा भाग असतो चार-पाच इंचांचा. म्हणजे तीनशे आणि चारशे यांच्यात अंदाज पन्नास यार्डांनी चुकला तरी तुम्ही त्या भागाच्या बाहेर गेलात. .२२३ काडतुसाची रायफल असेल तर गोळीचं पडणं याहून जास्त. हे आकडे माझ्या नळीचे आहेत. तुमचे तुम्ही रेंजवर, खऱ्या अंतरावर कागद लावून काढा.

स्कोपमधल्या मिल खुणांनी (कोन मोजायच्या बारीक खुणांनी) अंतर काढता येतं का, असं मला बरेच जण विचारतात. येतं, पण ढोबळ. वस्तूची उंची इंचांत घ्या, २७.७८ ने गुणा, जितके मिल भरले तितक्याने भागा, की यार्ड मिळतात. कायोटीची पाठ ते छातीचा तळ नऊ इंच धरला तर एक मिल भरला की २५० यार्ड. पण वाचनात दशांश मिलची चूक झाली, म्हणजे ०.९ ऐवजी ०.८ वाचलं, की २७८ चे ३१२ होतात. शिवाय तरुण कायोटी आठ इंचांचाच निघाला तर सगळा हिशेब आणखी सरकतो. बऱ्याच स्कोपमध्ये तर या खुणा एकाच विशिष्ट झूमवर खऱ्या असतात. म्हणून मी मिल वापरतो ते एवढंच विचारायला, की कायोटी पलीकडच्या कड्याच्या आत आहे की बाहेर. शंका राहिली तर तो बाहेर.

डोळा तयार करायला एक उपाय मला सगळ्यांत उपयोगी पडला. पुठ्ठ्याचा कायोटी कापा, खऱ्या मापाचा, नऊ इंच खोल. तो १५०, २००, २५०, ३०० वर ठेवा, बसा आणि स्कोपमधून नुसतं बघा. वेगवेगळ्या उजेडात बघा. शिवाय फिरायला जाल तेव्हा वस्तूचं अंतर आधी तोंडाने सांगा, मग मोजा, आणि चूक वहीत लिहा. महिनाभरात तुमचा डोळा कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतं. माझा संध्याकाळी पाचव्या हिश्शाने जास्त सांगतो. हे मला वहीमुळे कळलं.

चढ-उताराचं थोडक्यात. तीस अंशांच्या उतारावर ३०० यार्डांचं अंतर गोळीच्या पडण्याच्या हिशेबाला २६० धरायचं. एवढा उतार इथे क्वचितच मिळतो.

वाऱ्याला मात्र हलकं घेऊ नका. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशेवर माझी गोळी आठेक इंच सरकवतो. वायोमिंगमध्ये दहा मैल म्हणजे शांत दिवस. पंधराच्या वर गेला की मी पलीकडचं कडं मनातून पुसतो आणि दोनशेच्या आतलाच बार घेतो.

तो आला की. रायफल आधीच खांद्याला, दुपायीवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर). तो झुडपाआड गेला की नळी वळवा, उघड्यावर असताना नको. आतल्या कड्यात शिरला आणि धावतच असला तर तोंडाने कुत्र्यासारखं एकदा ‘वूफ’ करा. तो थांबतो, दोन-तीन सेकंद. मागे मातीचा उतार आहे ना, हे बघा. क्षितिजावर उभा असलेला कायोटी सोडून द्यायचा. बाहेरच्या कड्यापलीकडे थांबला तर ओठांनी उंदरासारखं बारीक चिरचिरवा आणि वाट बघा. बरेचदा तो येतो. नाही आला तर त्याला जाऊ द्या.

बार झाला की उठू नका. लगेच पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज द्या, जोडीदार असला तर तो बाहेर येतो. पाच-दहा मिनिटांनी, तो जिथे उभा होता ते झुडूप नजरेतून न सोडता चालत जा. लागला नसेल असं वाटलं तरी जा, बर्फात रक्त शोधा, किमान दोनशे पावलं मागावर चाला. मग त्याच झुडपापाशी उभं राहून आपण बसलो होतो त्या जागेवर लेझर मारा, आणि आलेला आकडा कार्डावर, मघाच्या अंदाजाशेजारी लिहा.