दोन ट्रॉल्या मागे लावून बीड ते कोल्हापूर : लांबचा रस्ता कसा आखावा

दसरा झाला की बीड, केज, धारूर, वडवणी, माजलगाव, पाटोदा या भागातून ऊसतोडीच्या टोळ्यांचे ट्रॅक्टर निघायला लागतात. मागे दोन ट्रॉल्या आणि त्यात सहा महिन्यांचं बिऱ्हाड: धान्याची पोती, भांडी, सरपण, कोपीचं (राहायच्या झोपडीचं) सामान, एखादी मोटारसायकल, शेळ्या. साखर कारखाने सुरू व्हायची तारीख सरकार ठरवतं. 2024-25 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025-26 चा 1 नोव्हेंबरला. तारीख जाहीर झाली की मुकादमाचे (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचे) फोन सुरू होतात आणि दोन दिवसांत निघायची घाई उडते. या घाईत रस्त्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, कोणत्या रस्त्यानं किलोमीटर कमी पडतील?

मोटारीसाठी हा प्रश्न बरोबर आहे. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरसाठी आधी उतार मोजावा, मग हायवे कुठे कुठे ओलांडावा लागतो ते पाहावं, मग उजेडाचा हिशोब करावा. किलोमीटर सगळ्यात शेवटी. कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी रोखायचं असतं.

आधी दिवसांचा हिशोब

बीडहून बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज असं कोल्हापूरला जायला साधारण साडेतीनशे किलोमीटर पडतात. दोन ट्रॉल्या घेऊन चढ-उतार आणि गावं धरून ताशी सरासरी पंधरा ते अठरा किलोमीटरच निघते. मोबाइलच्या नकाशात ट्रॅक्टर हा प्रकार नाही. तो दाखवतो ती वेळ मोटारीची असते. तिची सरळ तिप्पट करा.

नोव्हेंबरात आपल्याकडे साडेसहाला उजाडतं आणि सहाच्या आत दिवस मावळतो. त्यातून जेवण, चहा, जनावरांचं पाणी असे दोन-अडीच तास काढले तर चाक फिरायला आठ तास उरतात. म्हणजे दिवसाला सव्वाशे किलोमीटर ही वरची मर्यादा झाली. बीड-कोल्हापूरला तीन दिवस लागतात हे आधीच मान्य करा. पहिला मुक्काम बार्शीच्या अलीकडे-पलीकडे, दुसरा सांगोल्याच्या आसपास.

पुष्कळ जण रात्रभर गाडी हाणून हे अंतर एका दमात उरकतात. मला ते अजिबात पटत नाही. थकलेला ड्रायव्हर, मागे अंधारात न दिसणारी ट्रॉली आणि भरधाव ट्रक हे तिन्ही एकाच वेळी जुळून येतात ते रात्रीच.

उजेडाच्या हिशोबात सहसा सुटणारी एक गोष्ट आहे. हा प्रवास बहुतेक नैऋत्येकडे आहे. दुपारी साडेचारनंतर ऊन सरळ ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येतं. मागून येणाऱ्या मोटारवाल्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं, त्यामुळे मळकी ट्रॉली त्याला फार उशिरा दिसते. पाचच्या आत गाडी रस्त्याखाली घ्यायची, असंच दिवसाचं वेळापत्रक बांधा.

घाट आणि उतार

बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाचा डोंगर जातो, त्यामुळे बहुतेक ठिकाणांहून निघालात तरी एकदा चढून पलीकडे उतरावं लागतं. कुठून चढायचं एवढं आपल्या हातात असतं.

माजलगाव-तेलगाव भागातल्या टोळीला दोन रस्ते आहेत. एक धारूरच्या घाटातून केज, कळंब करत येरमाळ्याला. हा जवळचा. दुसरा वडवणीवरून बीडला येऊन राष्ट्रीय महामार्ग 52 नं मांजरसुंबा, चौसाळा करत येरमाळ्याला. धारूरचा घाट अरुंद आणि वळणावळणाचा आहे. समोरून मोठी गाडी आली की चढावर थांबावं लागतं, आणि दोन ट्रॉल्यांना चढावर थांबून पुन्हा उचलणं हेच सगळ्यात अवघड. मांजरसुंब्याचा घाट चौपदरी आहे. डाव्या बाजूनं हळूहळू चढता येतं आणि मागचे वळसा घालून पुढे जातात. किलोमीटर वाढले तरी मी दुसराच रस्ता सांगेन.

पुढे येरमाळ्याहून बार्शीकडे जाताना पठारावरून खाली यावं लागतं. हा उतार दुपारी जेवण करून, पूर्ण उजेडात उतरायचा. बीडहून साडेसहाला निघालात तर साडेअकरा-बाराला येरमाळा येतो आणि वेळ बरोबर जुळते.

उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच गाडी उभी करा. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात. शेतात वळताना एकच दाबता यावा म्हणून दोन पायड्यांमधली पट्टी काढून ठेवलेली असते, आणि पेरणीनंतर ती तशीच राहते. खाली वाकून पाहा, पट्टी बसवा, हातानं हलवून खात्री करा. पट्टी नसेल आणि उतारावर घाईत एकच पायडी दाबली गेली, तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो, मागच्या ट्रॉल्या सरळ ढकलत राहतात आणि सगळी गाडी ट्रॉली जोडायच्या दांडीपाशी दुमडते. मग ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता तोच गिअर वरच घाला आणि इंजिनाच्या ताकदीवर उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडणं, क्लच दाबून घसरू देणं हे कधीही नाही. एकदा वेग घेतला की ट्रॅक्टर पुन्हा खालच्या गिअरमध्ये येत नाही.

हायवे ओलांडायची ठिकाणं

कागदावर रस्ता लिहिताना उजवीकडे वळायच्या प्रत्येक जागेपुढे खूण करा. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी चौदा-पंधरा मीटर होते. थांबलेली गाडी उचलून दुभाजकाच्या फटीतून पलीकडची बाजू ओलांडायची म्हणजे शेपटासकट पंचवीस मीटर सरकायचं. ताशी पाच किलोमीटरनं त्याला अठरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी नव्वदनं येणारी मोटार साडेचारशे मीटर येते. म्हणून समोर अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसत नसेल तर तिथे ओलांडूच नका. पुढे उड्डाणपुलाखालचा रस्ता असेल तिथपर्यंत जा, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

याच कारणानं जेवण, डिझेल, मुक्काम सगळं डाव्या हाताला शोधायचं. उजवीकडचा ढाबा कितीही ओळखीचा असला तरी तिथे जाताना एकदा आणि निघताना एकदा असा हायवे दोनदा कापावा लागतो. नकाशात उपग्रहाचं चित्र लावून पाहिलं की पंपामागं, मंगल कार्यालयासमोर, बाजार समितीजवळ मोकळं मैदान कुठे आहे ते घरबसल्या दिसतं. मुक्कामाची जागा अशी हवी की गाडी मागे न घेता गोल फिरवून बाहेर काढता येईल. दोन ट्रॉल्या सरळ मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही.

आणि मुक्काम ठरवताना बायकांना विचारा. पाणी आणि संडास आहे का, रात्री उजेड आहे का, हे त्या बघतात; गडी माणसं फक्त सावली बघतात. पंपावर फोन करून आधी विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

पूल, फाटक, यात्रा

लातूर-मिरज रेल्वेमार्ग बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला असाच जातो, त्यामुळे आपल्या वाटेत तो पुन्हा पुन्हा आडवा येतो. मोठ्या रस्त्यावर अडचण नाही, पण नकाशानं जवळची म्हणून गावातली वाट दाखवली की रेल्वेखालचा भुयारी रस्ता समोर येतो. वर लोखंडी आडवी पट्टी, खाली साठलेलं पाणी, आणि ट्रॉलीवर रचलेले पत्रे-बाजा त्या पट्टीला अडकतात. निघण्याआधी जमिनीपासून सामानाच्या टोकापर्यंत टेप लावून उंची मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरच्या समोर खडूनं लिहून ठेवा.

पावसाळ्यानंतर ओढ्या-नद्यांवरचे ठेंगणे पूल शाबूत आहेत का हेही विचारायला हवं. 2025 च्या सप्टेंबरात सीना आणि मांजरेला पूर आले तेव्हा अनेक गावांचे रस्ते खचले. ही माहिती नकाशात उशिरा येते. त्या रस्त्यानं रोज जाणारा एसटीचा किंवा दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र एका वाक्यात खरं सांगतो.

पंचांगही उघडा. कार्तिकी एकादशी नेमकी टोळ्या निघतात त्याच दिवसांत येते. एकादशीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे एक-दोन दिवस पंढरपुरातून ट्रॅक्टर नेऊ नका. रस्त्यावर पायी दिंड्या असतात आणि शहराची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवसांत सोलापूर, मंगळवेढा, सांगोला हा राष्ट्रीय महामार्ग 166 बरा. पण तो धरायचा तर वाटेत तुळजापूर येतं, आणि कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो. त्यामुळे लवकर निघणाऱ्यानं तोही दिवस टाळावा. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात ऊसदरासाठी शेतकऱ्यांची ऊस परिषद होते, आणि दर ठरेपर्यंत त्या भागात अनेकदा ऊसवाहतूक अडवली जाते. मिरज ओलांडण्याआधी कारखान्याच्या शेतकी विभागात फोन करून रस्ता मोकळा आहे ना, हे विचारून घ्या.

जालना किंवा संभाजीनगर भागातून नाशिक-नगरकडे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही. नकाशा तिकडे वळवील, त्याचं ऐकू नका.

सामान आणि माणसं

जड पोती खाली आणि ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला, हलकं सामान वर आणि मागे. दोन चाकी ट्रॉलीत मागे वजन जास्त झालं की दांडी वर उचलली जाते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पकड जाते. दोन ट्रॉल्यांपैकी जड ट्रॉली ट्रॅक्टरला लागून, हलकी शेवटी.

माणसं ट्रॉलीत बसवू नयेत. ट्रॉली मालासाठी आहे, कायदाही तेच सांगतो, आणि ट्रॉली उलटली तर वरच्या माणसावर आधी पोती येतात आणि मग ट्रॉली. लेकुरवाळ्या, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि पोरं यांच्यासाठी एसटी किंवा प्रवासी गाडी करा. ट्रॅक्टर निघाल्यावर दोन दिवसांनी त्यांना काढलं की सगळे एकाच सुमारास पोचतात. हा खर्च उचल (आगाऊ रक्कम) घेतानाच मुकादमाशी बोलून ठरवा; ऐन निघताना विषय काढला की तो कुणाच्याच अंगावर पडत नाही आणि बाया-पोरं पोत्यांवर बसतात.

ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूला पिवळी चकाकती पट्टी चिकटवा. पुसून स्वच्छ ठेवली तरच ती चमकते. शेवटच्या ट्रॉलीला वायर ओढून लाल दिवा आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर द्या. जोडणीच्या पिनला खालून क्लिप हवीच. तिच्या जागी तार गुंडाळलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर ती तार झिजते. पिनशिवाय वेगळी साखळी दांडीला बांधा. जॅक, टॉमी, जादा चाक, ग्रीस आणि चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे वरच, हाताशी असू द्या. शेतातल्या हिशोबानं टायरची हवा कमी केलेली असेल तर रस्त्यासाठी वाढवून घ्या.

पहिल्या तीस किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक चाकाच्या हबला हात लावा. हात टिकत नसेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा ते जास्त आवळलंय. पुढे न जाता तिथेच खोला. नटही तेव्हाच आवळा, कारण नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या टप्प्यातच ढिले होतात.

कागदांत ट्रॅक्टरचं आणि प्रत्येक ट्रॉलीचं आरसी (नोंदणीचा कागद) आणि विमा वेगळा लागतो. फोनमध्ये तीन नंबर हवेत: राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला की मदत लवकर पोचते, म्हणून शेवटचा दगड कोणता गेला ते ड्रायव्हरशेजारच्यानं लक्षात ठेवायचं.

परतीचा रस्ता वेगळा आखा

मार्च-एप्रिलमध्ये परत येताना सगळा हिशोब उलटतो. बार्शीकडून येरमाळ्याला आता चढायचं असतं आणि मांजरसुंब्याचा घाट उतरायचा असतो, तोही घर जवळ आलं म्हणून घाई सुटलेली असताना. ट्रॅक्टरचे ब्रेक हंगामभर उसाच्या खेपा ओढून झिजलेले असतात. कारखान्याचा परिसर सोडण्याआधी ते तपासून घ्या, कारण तिथे मिस्त्री आणि सुटे भाग दोन्ही सहज मिळतात. पहाटे पाचला, लख्ख दिवे लावून निघा, अकराला सावलीत थांबा आणि ऊन उतरल्यावर चारनंतर दोन तास चाला. जनावरं असतील तर टप्पा आणखी लहान करा. मांजरसुंब्याच्या अलीकडे संध्याकाळ झाली तर चौसाळ्याजवळच मुक्काम करा आणि घाट सकाळी उतरा.