जबरी चोरीचं अपील: आधी तारखा मांडा

मी औरंगाबाद खंडपीठात फौजदारी अपिलं चालवते. पेपरबुक, म्हणजे खटल्याच्या कागदपत्रांचा संच, हाती आलं की निकालपत्र नंतर वाचते. आधी कोऱ्या कागदावर चार तारखा लिहिते: घटना, अटक, ओळख परेड, जप्ती.

अटकेनंतर परेडला महिना लागला असेल, तर त्या काळात आरोपीचा चेहरा झाकलेला होता का, फोटो छापून आला का, हे उलटतपासात शोधा. परेडमध्ये एका आरोपीमागे किमान सहा डमी, म्हणजे सोबत उभी केलेली इतर माणसं, हवेत, तेही त्याच्याच वयाचे, अंगलटीचे. अन् शेतवस्तीवर रात्री लाईट नसताना चेहरा दिसला कसा?

जप्तीवर मात्र मी दिवस घालवते. गंठण, बोरमाळ गावोगाव सारखीच असते. फिर्यादीत वजन, घडण, काही खूण लिहिली होती का? मुद्देमाल जागीच सीलबंद झाला का? पंचनामा मूळ मराठीतूनच वाचा. 'काढून दिला' (आरोपीनं स्वतः) आणि 'मिळून आला' (पोलिसांना झडतीत) यांतला फरक इंग्रजी भाषांतरात पुसला जातो, आणि जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मधली तरतूद (आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुरावा ठरतो), त्याच फरकावर उभी आहे. हर्सूल जेलमध्ये दिवस मोजणाऱ्या माणसाचं सगळं कधीकधी त्या एका क्रियापदात असतं. ती ओळ आणि पान क्रमांक अपिलाच्या मुद्द्यांत पहिल्यांदा टाका.